खांदे कानाला का लागतात?

ताई,
मी 29 वर्षांची आहे. तीन वर्षं 'ताई ची' ही चिनी युद्धकला शिकतेय. रोज 40 मिनिटं झान झुआंग करते, म्हणजे हात समोर गोलाकार धरून एका जागी उभं राहायचं आणि अंग आतून सोडत जायचं. आठवड्यातून दोनदा तुइशौ असतं, जोडीदाराच्या हाताला हात लावून त्याचा तोल काढायचा. आमचे सर म्हणतात, तुझं अंग आता बरंच सुटलंय. मलाही तसंच वाटायचं. मागच्या महिन्यात मैत्रिणीबरोबर बॉक्सिंग क्लबमध्ये स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, उभी राहिले आणि सगळं उडालं. पहिल्याच राउंडमध्ये खांदे कानाला लागले. समोरून हात हलला की डोळे मिटायचे. मिनिटभरात धाप लागली, खरं तर मी रोज 5 किलोमीटर आरामात पळते. तिथले कोच म्हणाले, "ते उभं राहणं सोड. 50 राउंड मार खा, आपोआप सैल होशील." सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "उभं राहणं कमी पडतंय, तास कर." दोघंही मनापासून सांगतात. माझी तीन वर्षं फुकट गेली का? कोणाचं ऐकू?
– गोंधळलेली विद्यार्थिनी

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली: समोरून हात हलला की डोळे मिटायचे. सर बरोबर की कोच, हे जरा बाजूला ठेवू आणि आधी त्या डोळ्यांकडे बघू.

तोंडाच्या दिशेनं काही वेगानं आलं की पापण्या मिटतात, मान आत जाते, खांदे वर येतात, श्वास अडकतो. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं आणि तुला विचारून होत नाही. प्रत्येक माणसात ते अगदी लहानपणापासून आहे आणि ते असणं चांगलंच आहे. त्या दिवशी रिंगमध्ये तुझ्या अंगाला वाटलं, आता लागणार. मग त्यानं त्याच्याजवळचा सगळ्यांत जुना उपाय काढला. तीन वर्षांत शिकलेला नवा उपाय त्याच्याजवळ होता, पण तो कधीही तोंडावर येणाऱ्या हातासमोर वापरलेला नव्हता. मग ऐन वेळी त्याची आठवण कशी व्हावी?

धापेचं कारणही हेच आहे. 5 किलोमीटर पळणाऱ्या बाईचा दम मिनिटभरात संपत नाही. तू श्वास धरून ठेवत होतीस आणि खांदे, दंड, जबडा, पोट हे सगळं एकाच वेळी आवळून हिंडत होतीस. घरी घड्याळ लावून मिनिटभर हाताच्या मुठी पूर्ण ताकदीनं आवळून धर, मग कळेल किती खर्चाचं काम आहे ते.

आता माझं सांगते. ज्यूदो सुरू करून मला दोन वर्षं झाली होती. उचिकोमी नावाचा सराव असतो, जोडीदाराला न फेकता डावात पुन्हा पुन्हा शिरायचं. त्यात माझं अंग छान मोकळं असायचं, शिक्षक इतरांना दाखवायला मला पुढे बोलवायचे. पण रँडोरी, म्हणजे मोकळी झुंज सुरू झाली की माझे हात लाकूड व्हायचे. समोरच्याची कॉलर आणि बाही धरायची आणि कोपरं ताठ करून त्याला लांब ढकलत राहायचं, एवढंच मला यायचं. चाळीस सेकंदांत मनगटापासून कोपरापर्यंत आग पेटायची. झुंज संपली तरी बोटं आकड्यासारखी वाकलेलीच राहायची, दुसऱ्या हातानं एकेक बोट उलगडावं लागायचं.

आमच्याकडे एक वयानं मोठ्या बाई यायच्या, शांत स्वभावाच्या. एकदा पकड सोडून त्या मला म्हणाल्या, "तू काय करणार ते मला तुझ्या मनगटातून आधीच कळतं. काठीच्या टोकाला काय हलतंय ते काठीतून कळतं ना, तसं." मग त्यांनी मला एक काम दिलं. रोज सरावानंतर त्या मला वीस वेळा फेकणार, मी अडवायचं नाही, नुसतं पडायचं. पण कोणता डाव लावणार आणि कधी, हे त्या सांगणार नाहीत. पहिल्या दिवशी वीसपैकी वीस वेळा मी दगडासारखी पडले. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी, हवेत असताना, माझ्या लक्षात आलं की मी श्वास सोडतेय. मी ठरवून सोडला नव्हता. त्याच आठवड्यात रँडोरीत कोपरं वाकली.

त्या तीन आठवड्यांत मी खास व्यायाम केला की झुंज केली? मला आजही नीट सांगता येत नाही आणि म्हणूनच तुला पडलेला प्रश्न मला चुकीचा मांडलेला वाटतो. त्या बाईंनी एकच केलं होतं. माझ्यासाठी पडणं स्वस्त करून ठेवलं. काय येणार हे मला माहीत नव्हतं, पण जे येईल त्याची किंमत फार नव्हती.

सैलपणा येतो तो नेमका इथे, असं माझं मत आहे. दोन गोष्टी वेगळ्या कर: पुढे काय होणार हे माहीत नसणं, आणि चुकलं तर काय मोजावं लागेल. झान झुआंगमध्ये या दोन्ही गोष्टी शून्य असतात. कोचच्या 50 राउंडमध्ये दोन्ही भरपूर असतात. तुला पहिली हवी आहे आणि दुसरी कमी हवी आहे. अनिश्चितता पूर्ण, किंमत थोडी.

ही काही माझी शोधून काढलेली युक्ती नाही. जपानमध्ये तलवारीचा सराव एके काळी मुख्यतः काताच्या रूपात व्हायचा, ठरलेल्या हालचाली, ठरलेला क्रम, कारण लाकडी तलवारीनं मोकळेपणी खेळलं तर हाडं मोडायची. 18व्या शतकाच्या सुरुवातीला बांबूची तलवार आणि चिलखतासारखं जाड संरक्षण वापरात रुळलं. तिला शिनाई म्हणतात आणि संरक्षणाला बोगू. आता दोन माणसं एकमेकांना खरोखर मारायला जाऊ शकली आणि संध्याकाळी धडधाकट घरी जाऊ शकली. आजचा केंडो त्यातून आला. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 साली कोदोकान ही आपली शाळा सुरू केली तेव्हा तोच विचार हातघाईच्या विद्येला लावला. जुन्या जुजुत्सूतले जीवघेणे डाव त्यांनी कातात ठेवले आणि उरलेले डाव पूर्ण जोर लावून, समोरचा पूर्ण विरोध करत असताना लावता येतील अशी रँडोरी केंद्रस्थानी आणली. आणि त्याआधी काय शिकवायचं? उकेमी, म्हणजे पडायला. ज्याला पडण्याची भीती आहे तो सैल राहूच शकत नाही, हे त्यांच्या पद्धतीत पहिल्या दिवसापासून गृहीत धरलेलं आहे. थायलंडच्या मुए थाई, म्हणजे थाई बॉक्सिंगच्या कँपमध्येही वारंवार सामने लढणारी पोरं आपसात खेळल्यासारखं हलकं स्पारिंग करतात. त्यांची खरी मारामारी सामन्यासाठी राखून ठेवलेली असते.

आता तुझ्या कोचच्या सल्ल्याकडे येते. त्यांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे: तोंडावर येणाऱ्या हाताची सवय तोंडावर हात आल्याशिवाय होत नाही. याला पर्याय नाही. पण "50 राउंड मार खा" यात एक फसगत दडलेली आहे. क्लबमध्ये जे जुने बॉक्सर तुला इतके मोकळे दिसतात, ते 50 राउंड मार खाऊन तसे झाले, असं आपल्याला वाटतं. पण त्यांच्याबरोबर सुरू केलेले बाकीचे कुठे आहेत? जे आखडले, घाबरले, ज्यांना दर आठवड्याला डोकं दुखत घरी जावं लागलं, ते सोडून गेले. उरलेल्यांकडे बघून पद्धत चांगली ठरवायची म्हणजे पैलतीरावर पोचलेल्यांना विचारून नदी उथळ आहे असं म्हणण्यासारखं आहे. भीतीखाली केलेला सराव भीतीच पक्की करतो. प्रत्येक राउंडमध्ये तू डोळे मिटून, खांदे उचलून, श्वास धरून उभी राहिलीस तर 50 राउंडनंतर तुझी डोळे मिटण्याची 50 राउंडची तालीम झालेली असेल.

आणि तुझ्या सरांचं? झान झुआंगला सगळ्यांत जास्त मान देणारी परंपरा म्हणजे यीचुआन, वांग शियांगझाई यांनी सुरू केलेली चिनी युद्धकला. त्यांच्या पद्धतीत उभं राहणं हा पाया आहेच, पण त्यावर हळू हालचालींतून जोर चाचपणं येतं, पावलं येतात, तुइशौ येतं आणि शेवटी मोकळी झुंजही येते. पायावर भिंती चढवायच्याच असतात. आणखी वीस मिनिटं उभं राहिल्यानं तुझा पाया रुंद होईल, घर होणार नाही. तुझे सर तुला चांगलंच चिंततात यात मला शंका नाही, पण या एका प्रश्नाचं उत्तर त्यांच्या खोलीत नाही.

ताई चीमध्ये या सैलपणाला जो चिनी शब्द आहे त्याचा उच्चार साधारण 'सोंग' असा होतो. मराठी कानाला तो शब्द खटकतो, पण मला तो योगायोग उपयोगी पडलाय. कारण सैलपणाचं सोंग फार सहज आणता येतं. एकट्यानं, शांत जागी, मंद हालचाली करताना आपण मोकळे दिसतोही आणि आपल्याला तसं वाटतंही. अंग खरंच सुटलंय की नाही हे दुसऱ्या माणसाचा हात लागल्यावर कळतं, आणि तो हात काय करणार हे माहीत नसेल तेव्हा जास्त कळतं. चिनी शब्दाचा अर्थही लुळं पडणं असा नाही. आधार द्यायला लागतात तेवढे स्नायू कामावर आणि बाकीचे मोकळे, अशी ती अवस्था आहे.

हा फरक ठोशात अगदी स्पष्ट दिसतो. स्नायू जोडीनं काम करतात: एक हात सरळ करतो, एक वाकवतो. घाबरलेला किंवा नवखा माणूस दोन्ही एकदम आवळतो, म्हणजे ब्रेक दाबून गाडी चालवतो. 2010 साली स्टुअर्ट मॅकगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कसलेल्या एमएमए (मिश्र युद्धकला) लढवय्यांच्या स्नायूंमधले विद्युत संकेत मोजून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या जोरदार फटक्यांत धडाचे स्नायू दोनदा उसळताना दिसले: एकदा हालचाल सुरू करताना, एकदा फटका लागताना. मधल्या वेळात ते सोडलेले होते आणि वेग त्या सोडण्यातून येत होता. म्हणजे सैलपणा हा वेळेचा प्रश्न आहे. कधी आवळायचं आणि कधी सोडायचं, हे समोर कोण काय करतंय त्यावर ठरतं. ते एकट्यानं उभं राहून कसं शिकणार?

निकोलाय बर्नस्टाइन नावाचे सोव्हिएत शास्त्रज्ञ होते. 1920च्या दशकात मॉस्कोत त्यांनी सराईत कामगारांच्या हातोड्याच्या घावांचं चित्रीकरण केलं. हातोडा दर वेळी अचूक जागी बसायचा, पण खांदा, कोपर, मनगट यांचा मार्ग दर वेळी थोडा निराळा असायचा. त्यांचंच निरीक्षण असं की नवशिका माणूस काम सोपं करायला आधी सांधे जखडून टाकतो, आणि कौशल्य वाढेल तसे एकेक करून मोकळे सोडतो. यातून मला तुझ्यासाठी दिलासा दिसतो. रिंगमध्ये तू जखडलीस कारण तिथे तू नवशिकी आहेस. ताई चीमध्ये तीन वर्षांची असलीस तरी बॉक्सिंगमध्ये पहिल्या दिवसाची आहेस, आणि पहिल्या दिवसाचं प्रत्येक माणूस जखडतंच.

म्हणजे तीन वर्षं फुकट? मुळीच नाही. तुला तुझे खांदे कानाला लागल्याचं कळलं. ही किती मोठी गोष्ट आहे याची तुला कल्पना नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांना सांगावं लागतं की तुमचे खांदे वर आहेत, आणि ती म्हणतात, नाहीत. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी स्नायू शिथिल करण्याची जी पद्धत 1920च्या दशकात बसवली, तिचा सगळा भर यावर आहे: आधी मुद्दाम आवळायचं, मग सोडायचं, आणि दोन्हींतला फरक ओळखायला शिकायचं. खास व्यायामांचं खरं काम हे आहे. ते तुला खूण शिकवतात. ती खूण तीन वर्षांत तुझ्या अंगात उतरली आहे. आता ती घेऊन गडबडीत शिरायचं.

तर पुढचे तीन महिने काय करायचं ते सांगते. झान झुआंग बंद करू नकोस, पण 40 मिनिटांऐवजी 15 कर. वाचलेला वेळ एका जोडीदाराला दे. जोडीदार कोण, हे सगळ्यांत महत्त्वाचं आहे: तुझ्यापेक्षा कसलेली आणि जिला ठोसा लागला तरी राग येत नाही अशी. असा माणूस क्लबमध्ये एखादाच असतो, तो हुडकून काढ. त्यासाठी क्लब बदलावा लागला तरी बदल.

सुरुवात डोळ्यांपासून. तिनं ग्लोव्ह घालून फक्त जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, टाकायचा, अगदी सावकाश, आणि तुझ्या कपाळापासून चार बोटं अलीकडे थांबवायचा. तू हलायचं नाही, अडवायचं नाही. नजर ग्लोव्हवर नको, तिच्या छातीवर ठेव. ग्लोव्हचा पाठलाग करणारे डोळे लवकर मिटतात. दर जॅबला नाकातून ऐकू येईल असा श्वास सोड. डोळे उघडे राहायला लागले की जॅब कपाळाला हलकेच टेकू दे. मग कधी जॅब, कधी नुसती हूल, कधी काहीच नाही. इथे अनिश्चितता शिरली, हे लक्षात घे. या टप्प्यावर खांदे पुन्हा वर जातील. जाऊ देत. तिला सांग, "हळू कर." थांबव म्हणू नकोस, हळू कर म्हण. थांबून सैल होणं तुला आधीच येतं. चालू असताना सैल होणं शिकायचंय.

हे दोन आठवडे झालं की राउंड सुरू कर. दोन मिनिटांचे, भरपूर विश्रांती घेऊन, आणि दोघींचा जोर इतका की लागलं तर टपली वाटावी. प्रत्येक राउंडआधी खांदे मुद्दाम कानापर्यंत उचल, पाच सेकंद आवळून धर आणि सोडून दे, म्हणजे खाली असलेले खांदे कसे वाटतात याची ताजी आठवण घेऊन आत जाशील. राउंड चालू असताना गुणगुणायचं. माउथगार्डमुळे बोलता येत नाही, पण गुणगुणता येतं. गुणगुणणं थांबलं की श्वास अडकलाय, इतकं सरळ आहे ते. माझ्या विद्यार्थ्यांना आधी लाज वाटते. नंतर एखादा पूर्ण राउंड आवाज न तुटता पार पडला की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

जोर कधी वाढवायचा? गुणगुणणं टिकलं की थोडा. तुटलं की पुन्हा खाली. तारीख ठरवू नकोस आणि दुसऱ्या कोणाला ठरवू देऊ नकोस.

पूर्ण जोराचं स्पारिंगही कधीतरी करावं लागेल, सामने खेळायचे असतील तर नक्कीच. पण ते क्वचित, तपासून बघण्यापुरतं. डोक्याला बसणारे ठोसे ही सरावाची साधनसामग्री नव्हे. ठोशानंतर डोकं दुखलं, गरगरलं, मळमळलं, क्षणभर काही सुचेनासं झालं, तर त्या दिवशी ग्लोव्ह उतरवायचे आणि डॉक्टरांना दाखवायचं, त्यांनी परवानगी दिल्याशिवाय परतायचं नाही. "काही नाही होत, अजून एक राउंड" म्हणणाऱ्या कोचचं इथे अजिबात ऐकायचं नाही, मग तो कितीही मोठा असो.

आणखी एक. उद्या कोणी खरोखर अंगावर आलं, स्पर्धा नाही, खरा हल्ला, तर तू आखडशील. मीही आखडेन. छाती धडधडेल, हात थरथरतील. कोणत्याही सरावानं ते पूर्ण जात नाही. या सरावानं इतकंच होईल की पहिल्या झटक्यानंतर श्वास परत लवकर हाताशी येईल.

पुढच्या वेळी क्लबमध्ये गेलीस की कोचशी 50 राउंडांबद्दल वाद घालू नकोस. त्यांना म्हण, "मला 50 राउंड करायचेत, पण पहिले 40 टपलीच्या जोराचे हवेत, आणि जोडीदार मी निवडेन." चांगले कोच असतील तर ते हो म्हणतील. सरांना मात्र एक विनंती कर: तुइशौच्या वेळी त्यांनी तुला न सांगता, मध्येच कधीतरी, तळहात तुझ्या कपाळाकडे आणावा. पहिल्यांदा तुझे डोळे मिटतील. कितव्या वेळी मिटले नाहीत, ते मला लिहून कळव.

तुझी,
ताई